हौसामावशीचे बारा खडे

मला गप्प बसता येत नाही, हे शोधून काढायला सरकारला यंत्र पाठवायची काही गरज नव्हती. माझ्या नवऱ्याला एक फोन केला असता तरी काम झालं असतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यातली तेवीस तो बिचारा मान हलवतोय.

पण यंत्र आलं. जूनमध्ये पांगारवाडीच्या आमच्या अंगणवाडीत खोकं आलं, त्यावर लिहिलं होतं ‘बालशिक्षण साधनपेटी’. आत चित्रांचे तक्ते, ठोकळे, एक टॅब आणि कापसात गुंडाळलेली एक चिमणी. चिमणी म्हणजे बिल्ला, अंगठ्याएवढा, पदराला टाचायचा. कागदावर नाव होतं ‘संवादमापक’, पण पोरांनी बघताक्षणी तिला चिमणी म्हटलं आणि तेच नाव पडलं.

तालुक्याला दोन दिवस प्रशिक्षण झालं. आमच्या पर्यवेक्षिका देवकुळे मॅडम, वयानं माझ्यापेक्षा लहान, पण शिस्तीच्या. त्यांनी सांगितलं ते मला लगेच पटलं. मूल काहीतरी म्हणतं, किंवा नुसतं बोट दाखवतं. मोठं माणूस त्याला उत्तर देतं. मग मूल पुन्हा काही म्हणतं. ही झाली एक फेरी. पहिल्या सहा वर्षांत मेंदूत जोडण्या होत असतात, त्या अशा फेऱ्यांनी पक्क्या होतात. नुसतं मुलाच्या कानात शब्द ओतून होत नाहीत, नाहीतर टीव्हीसमोर बसलेली पोरं पंडित झाली असती.

चिमणी या फेऱ्या मोजते. बोलणं साठवत नाही, मुलांच्या मनगटावरच्या नावपट्ट्यांवरून फक्त कोण बोललं, किती वेळ, आणि मधे किती थांबलं ते बघते. फेरी पुरी झाली की तिचं पोट हिरवं होतं. मोठं माणूस एकटंच बोलत सुटलं की तांबडं. आणि तिसरा रंग पिवळा, तो खरा नवा शोध. बोलायच्या आधी माणूस एक वेगळा श्वास घेतो, छोटा आणि चटकन, साध्या श्वासापेक्षा निराळा. चार हातांवरच्या मुलानं असा श्वास घेतला की चिमणीला तो कळतो, मग मूल पुढं बोलो की न बोलो. मॅडम म्हणाल्या, “पिवळा दिसला की समजा, या मुलाच्या ओठांवर काहीतरी आलंय. अशा वेळी मोठ्यांनी काय करायचं?”

“विचारायचं, काय झालं बाळा?” मी पहिला हात वर केला.

“गप्प बसायचं, रोहिणीताई,” मॅडम म्हणाल्या. सगळ्या सेविका हसल्या.

पहिल्या आठवड्यात माझ्या पदरावर तांबडा दिवाच लागला होता म्हणा ना. मी गोष्ट सांगतेय, तांबडं. गाणं म्हणून दाखवतेय, तांबडं. “सांगा बरं मुलांनो, पान कसं असतं? हिरवं! शाब्बास!” तांबडं. प्रश्नही मीच विचारते, उत्तरही मीच देते आणि शाब्बासकीही मीच देते, हे मला एकवीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारी तालुक्याच्या बैठकीत टॅबवर आकडा आला. दिवसभरातल्या शंभर वाक्यांपैकी त्र्याण्णव माझी. तालुक्यातल्या एकशे चाळीस अंगणवाड्यांत आमचा नंबर एकशे अडतीसावा. मला रडू आलं. मी पोरांसाठी जीव टाकते, आणि हे दीड दमडीचं पाखरू मला नापास करतंय!

त्याच बैठकीत मॅडमनी दुसरी बातमी दिली. दिवाळीपासून तालुक्याला मोठं स्वयंपाकघर सुरू होणार, गरम डबे गाडीनं गावोगाव येणार. म्हणजे जागेवर शिजवायचं नाही. म्हणजे मदतनीस लागणार नाही. “शिकवण्यात ज्यांचा सहभाग दिसेल, त्या मदतनिसांचा विचार होईल,” मॅडम म्हणाल्या आणि कागद उलटला.

आमची मदतनीस हौसाबाई गोळे. सगळं गाव तिला हौसामावशी म्हणतं. वय साठीला टेकलेलं, शाळा दुसरीपर्यंत. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. अंगणवाडी हेच तिचं घर. सकाळी साडेआठला येते, चूल पेटवते, भात-आमटी करते, पोरांची नाकं पुसते. तिला मी बातमी सांगितली तर म्हणाली, “दिवाळीला अजून येळ हाय,” आणि पातेलं घासायला लागली. पातेलं आधीच घासलेलं होतं.

तिचा सहभाग कुठून दाखवायचा? चिमणी एकच, तीही माझ्या नावावर. आणि खरं सांगते, तेव्हा मलाही वाटत होतं, शिकवते मी, ती भात शिजवते.

पुढच्या सोमवारी मी तांबड्या पोटाला कंटाळले. काढली चिमणी आणि दिली टांगून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, गाळणीच्या शेजारी. म्हटलं, बस इथं फोडणीचा वास घेत. असं सलग दोन आठवडे केलं. सकाळी टांगायची, दुपारी काढायची.

आणि मग मॅडमचा फोन आला.

“रोहिणीताई, अहो काय जादू केलीत? तालुक्यात पहिला नंबर! दिवसाला चारशे फेऱ्या! आणि ती तुमची आर्वी, जी बोलत नाही, तिच्याजवळ पिवळा रोज दहा-बारा वेळा लागतोय. मी बघायला येणार आहे.”

आर्वी चार वर्षांची. आई स्ट्रॉबेरीच्या पॅकिंगला जाते. डॉक्टरांनी तपासली, कान ठीक, सगळं ठीक. घरी आईच्या कानात कुजबुजते, पण अंगणवाडीत आठ महिन्यांत एक अक्षर नाही. मी तिला किती हाका मारल्या, किती गाणी म्हटली, किती चित्रं दाखवली! ती नुसती बघायची आणि मावशीच्या मागं जाऊन उभी राहायची.

आता इथं मी शहाण्यासारखं म्हणायला हवं होतं, मॅडम, चिमणी खिळ्याला होती. म्हणाले काय? “तुमचंच मार्गदर्शन, मॅडम.” तीन दिवस मी गावभर पहिल्या नंबराचे पेढे खाल्ले आणि वाटलेही. चौथ्या दिवशी मात्र मनाला टोचायला लागलं. स्वयंपाकघरात एवढ्या फेऱ्या मारतंय कोण? म्हणून एरवी सकाळी मी रजिस्टरं लिहीत बसते, त्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराच्या आडोशाला उभी राहिले.

मधे मोठी परात, परातीत तांदूळ. भोवती नऊ पोरं मांडी घालून, मावशीच्या गुडघ्याला चिकटून आर्वी. सगळ्यांचे हात तांदळात.

“घावला का?” मावशी विचारायची आणि गप्प व्हायची. पोरं शोधत राहायची.

“मावशी, ह्यो खडा काळा हाय.”

“आन् कालचा?”

“कालचा पांढरा व्हता. ससा व्हता त्यो.”

“ससा? मंग ह्यो कोन?”

“म्हस!”

हसाहशी झाली. खिळ्यावरची चिमणी हिरवी हिरवी होत होती. पण मला ऐकू आला एकच शब्द, खडा. तांदळात खडे! अहो, गेली सहा वर्षं आमचा तांदूळ पिशवीबंद येतो, यंत्रातून चाळून, निवडून. खडा औषधालाही सापडत नाही. आणि आता पोरांच्या तोंडचा घास असा? माझं डोकं तापलं. तडक अंगणात जाऊन मी मॅडमना फोन लावला आणि पुरवठादाराचा उद्धार केला.

“गुरुवारी येतेच आहे,” मॅडम कडक आवाजात म्हणाल्या. “नमुना घेऊ. ज्यानं कुणी हे केलंय त्याला सोडायचं नाही.”

“मुळीच सोडायचं नाही!” मी म्हटलं.

मागं वळले तर हौसामावशी दारात. हातात पदरानं पुसत असलेली एक पितळी डबी.

“रोहिणीबाय,” ती म्हणाली, “खडं माजं हायेत.”

डबीत बारा खडे होते. ओढ्यातून निवडून आणलेले, गुळगुळीत, बोराएवढे. काळे, पांढरे, एक तांबूस, एक अगदी छोटा हिरवट.

“अगं बाई! तू घालतेस? पोरांच्या तांदळात?”

“आदी मला इचारायचं तरी,” मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, तिला येतच नाही. “पैलं तांदूळ निवडायला लागायचा. पोरं भवती बसायची, निवडता निवडता काय काय सांगायची. कुनाची शेळी याली, कुनाचा बा मुंबैला गेला. मंग साफ तांदूळ आला आन् पोरं उठून गेली. मी एकलीच चुलीम्होरं. म्हनून ओढ्यातनं खडं आनलं. उकळून घेती रोज. बारा टाकती, बारा मोजून काढती. बारा झाल्याबिगार आधन ठेवत न्हाई.”

“आणि शिकवतेस काय त्यांना?”

“मला काय शिकवाया येतंय? मी आपली इचारती, घावला का. हात तांदळात असलं की मानूस दुसऱ्याच्या बोलन्यात त्वांड घालत न्हाई.”

हे तिनं मला उद्देशून म्हटलं की सहज, ते मी आजवर विचारलेलं नाही.

मी पायरीवर बसले. मुलांच्या अन्नात खडे मिसळणं म्हणजे नोकरी जाणार, त्यात चौकशीसुद्धा होत नाही. आणि मॅडमना बोलावणारी मीच, बोंब मारून! मावशी शेजारी बसली. “टाकती ओढ्यात,” ती म्हणाली. “तुमी मॅडमला सांगा, नजर चुकली. तुमचा नंबर ऱ्हाऊ दे. माजं काय, दिवाळीला जायाचंच हाय.”

मला लाज वाटली. पेढे मी खाल्ले होते, आणि ओढ्यात जाणार होते हिचे खडे.

“काही टाकायचं नाही,” मी म्हटलं. “आणि दिवाळीचं नाव काढायचं नाही.”

गुरुवारी मॅडम आल्या. नमुन्याच्या पिशव्या, टॅब, सगळं घेऊन. त्यांनी चप्पल काढायच्या आत मी बोलायला सुरुवात केली, कारण थांबले असते तर धीर गेला असता. म्हटलं, “मॅडम, दोन गोष्टी. पहिला नंबर माझा नाही. चिमणी मी खिळ्याला टांगत होते, नंबर हौसामावशीचा आहे. आणि खडेही तिचेच आहेत. पुरवठादाराचा दोष नाही.”

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ताई, तुम्ही काय सांगताय कळतंय का तुम्हाला? उद्या एखाद्यानं खडा गिळला तर? हे मी लिहिलं तर हौसाबाई आजच घरी जातील. आणि चिमणीबद्दल तुम्हालाही नोटीस.”

“लिहा. पण एकदा बघा, मग लिहा.”

मी चिमणी मावशीच्या पदराला टाचली. मावशीनं पदराला हात पुसले आणि परातीत घातले. पोरं भोवती बसली. मॅडमना पाट दिला, त्या पाटावर बसल्या. पाच मिनिटांत एका पोरानं त्यांच्याही हातात मूठभर तांदूळ दिले आणि म्हटलं, “बघत काय बसलाय? निवडा!” चिमणी हिरवी, पुन्हा हिरवी. मॅडम टॅबकडं बघेनाशा झाल्या. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग मावशीनं खडे मोजले. अकरा.

पुन्हा मोजले. अकराच. हिरवट खडा नव्हता. मावशीनं तांदूळ उपसले, परात झाडली, चटई उचलली. एवढ्या वर्षांत कधी असं झालं नव्हतं.

“कुणी गिळला?” मॅडम ताडकन उठल्या. “तोंड उघडा सगळ्यांनी! आ करा! ताई, एकशे आठला फोन लावा!” दोन पोरं भोकाड पसरून रडायला लागली. मावशी एकेकाचा गळा चाचपत “लेकरा, बाळा” करत होती. माझ्याही तोंडात दहा प्रश्न गोळा झाले होते आणि हात फोनकडं गेला होता. तेवढ्यात मला मावशीचा पदर दिसला.

पिवळा.

दिवा गेला. पुन्हा लागला, पिवळा. मावशीच्या गुडघ्यापाशी आर्वी. ती ओठ उघडत होती, मिटत होती, आणि आमच्या कुणाच्याच आवाजाला फट नव्हती.

“गप्प!” मी हात वर केला. “सगळे गप्प! मॅडम, तुम्हीसुद्धा!”

आजवर मी कुठल्या मॅडमना गप्प केलं नव्हतं. त्या चकित होऊन गप्प झाल्या. रडणारी पोरंही थांबली, कारण रोहिणीताई दुसऱ्यांना गप्प करून स्वतःही गप्प आहे, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मी मनात मोजायला लागले. चार. पाच. जिभेला नुसती खाज सुटली होती. ‘काय गं आर्वी, तुझ्याकडं आहे का?’ एवढं एकच वाक्य! सात. आठ. पिवळा विझला. चुकले की काय मी? एखाद्या लेकराच्या घशात तो खडा अडकलेला असेल आणि मी इथं आकडे मोजतेय? दहा. पुन्हा पिवळा.

“त्यो माजा हाय,” आर्वी म्हणाली.

बारीक आवाज, पण स्पष्ट. तिनं मूठ उघडली, हिरवट खडा दाखवला आणि मूठ पुन्हा घट्ट मिटली. “देनार न्हाई.”

मी असते तर उचलून नाचले असते, टाळ्या वाजवल्या असत्या, पेढे वाटले असते. मावशीनं तसं काही केलं नाही. डोळ्यांतलं पाणी तिनं खांद्याला पुसलं आणि रोजच्यासारखं विचारलं, “का गं? का देनार न्हाईस?”

हिरवा.

“त्यो ल्हान हाय,” आर्वी म्हणाली. “त्याला शिजवू नगा.”

हिरवा.

मॅडम पाटावर पुन्हा बसल्या, मटकन. मग त्यांनी टॅब उघडला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, “रोहिणीताई, हे कुठल्या रकान्यात लिहायचं असतं?”

“नवा रकाना करा की,” मी म्हटलं. दिवसभराचं बोलणं तुंबलं होतं, पण तेवढंच बोलले.

मॅडमनी लिहिलं. खडे चालणार नाहीत असंही लिहिलं, आणि ते बरोबरच होतं. खडा कुणाच्या घशात असेल या धास्तीत मोजलेली ती दहा सेकंदं मला अजून आठवतात. आता डबे तालुक्याहून येतात, पण परात तशीच भरते. तिच्यातले तांदूळ शिजवायचे नाहीत, खास निवडण्यासाठीच ठेवलेले. खडे अक्रोडाएवढे, गिळता न येण्याजोगे. मावशीनं पहिल्यांदा बघितले तेव्हा म्हणाली, “एवढा खडा तर आंधळ्यालाबी घावंल.” म्हणून आता ती ते तांदळात खोल पुरून ठेवते आणि वर मक्याचे दाणे पसरते. मला नोटीस मिळाली, ती मी फाइलला लावली आहे. मावशीला चिमणी मिळाली, तिच्या स्वतःच्या नावाची. दिवाळी येऊन गेली, मावशी कुठंही गेली नाही.

नवे खडेही अकराच आहेत. बारावा, तो जुना हिरवट, आर्वीच्या घरी कपाटात वरच्या फळीवर असतो, तिथून रोज रात्री खाली उतरून तो काय काय करतो, ते ती आम्हाला सकाळी येऊन सांगते. आल्याबरोबर सुरू होते. परातीशी सांगते, प्रार्थनेत सांगते, घास तोंडात असला तरी सांगते.

परवा तिची आई न्यायला आली आणि हात जोडून म्हणाली, “रोहिणीताई, हिला जरा गप्प बसवायचं एखादं यंत्र आलंय का हो सरकारचं?”

माझ्याकडं उत्तर होतं. चांगलं लांबलचक होतं. पण आर्वीचा खडा त्या वेळी नदीवर पोहायला निघाला होता आणि गोष्ट अर्धी राहिली होती. हौसामावशीनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी खाली बसले आणि तांदळात हात घातले.